चाक कुंभाराचं, माती घरादाराची

गॅसची शेगडी घरोघर पोहोचण्याआधी पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातल्या बहुतेक घरांतली चूल घरातल्याच बाईच्या हातची असे. ओढ्याकाठची चिकट माती पाटीतून आणायची, खडे वेचायचे, रात्रभर भिजत घालायची, तिच्यात भाताचं तूस किंवा गव्हाचा भुसा आणि मिळाली तर घोड्याची लीद मिसळून पायांनी तुडवायची. मग जमिनीवर बसून हातांनीच तिला आकार द्यायचा. आधी तळ, मग दोन्ही बाजूंच्या भिंती, भांडं टेकायला वर तीन उंचवटे आणि शेजारी दुसऱ्या भांड्यासाठी वैल. सगळी चूल एका दमात उभी केली तर भिंत स्वतःच्याच वजनानं बसते, म्हणून एक थर घालून तो थोडा आवळू द्यायचा आणि मग पुढचा चढवायचा. भेग दिसली की ओल्या बोटानं बुजवायची. या कामाला चाक लागत नव्हतं, साचा लागत नव्हता, भट्टीही लागत नव्हती. जाळ लागेल तसतशी चूल आतून भाजत जाई आणि रोजच्या पोतेऱ्यानं बाहेरून नवी होत राही.

आज पिंपरी-चिंचवड आणि पुण्यात शनिवार-रविवारी नवशिक्यांसाठी मातीकामाच्या कार्यशाळा भरतात. फिरत्या चाकावर न बसता, फक्त हातांनी वाटी, पणती, कुंडी घडवायची असे त्यांतले पुष्कळसे वर्ग असतात. मन शांत व्हावं, अनोळखी माणसांशी चार शब्द बोलणं व्हावं, दोन तास मोबाइल बाजूला राहावा, या ओढीनं माणसं तिथं येतात. तिथं शिकवतात काय? थरावर थर, मध्ये थांबणं, ओल्या बोटानं भेग बुजवणं. ही कला शहरातून निघून आता खेड तालुक्यात, चाकणमार्गे राजगुरुनगरकडे सरकते आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला भीमेच्या खोऱ्याचा इतिहास दाखवावा लागेल. इथं मातीच्या दोन परंपरा हजारो वर्षं शेजारी शेजारी नांदल्या. एक चाकाची आणि आव्याची, म्हणजे कुंभाराची. दुसरी हाताची आणि बहुतेकदा कच्च्या मातीची, म्हणजे सगळ्यांची. पहिलीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. दुसरीला कुणी कला म्हटलं नाही, म्हणून ती गेली तेव्हा कुणाच्या फारसं लक्षातही आलं नाही.

भीमा उगम पावते भीमाशंकरच्या डोंगरात आणि चास-कमानच्या धरणातून खाली उतरून राजगुरुनगरला येते. तिच्या उत्तरेला घोड नदी वाहते आणि पुढे भीमेलाच मिळते. या दोन नद्यांच्या काठांवर महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांची गावं होती. घोडकाठच्या चांडोलीला डेक्कन कॉलेजच्या शां. भा. देव आणि झेड. डी. अन्सारी यांनी उत्खनन केलं. त्याहून मोठं काम झालं शिरूर तालुक्यातल्या इनामगावात. तिथं १९६८ ते १९८३ या काळात ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि अन्सारी यांच्या देखरेखीखाली डेक्कन कॉलेजनं हंगामामागून हंगाम खोदकाम केलं आणि शंभराहून अधिक घरांचे अवशेष उजेडात आणले. ही वस्ती साधारण इसवी सन पूर्व १६०० ते ७०० या काळातली. कुडाच्या, मातीनं लिंपलेल्या भिंती, अंगणातल्या चुली, धान्य साठवण्याची बळदं, कणग्यांखालचे मातीचे गोल ओटे. जुन्या मराठी खेड्यातल्या माणसाला त्या नकाशात आपलं घर सहज सापडलं असतं.

इनामगावकरांकडे चाक होतं. लाल पृष्ठावर काळ्या रंगाची नक्षी असलेली, टिचकी मारली तर धातूसारखी वाजणारी त्यांची भांडी संगमनेरजवळच्या जोर्वे गावाच्या नावानं ओळखली जातात, कारण तशी भांडी तिथं १९५०-५१च्या उत्खननात मिळाली होती. लांब नळीच्या तोटीचं जोर्वे पात्र कुठल्याही संग्रहालयात ठेवा, नजर खिळते. ते घडवणारा कारागीर तरबेज होता आणि त्याची भांडी भाजण्याची भट्टीही इनामगावात सापडली आहे.

पण त्याच गावातल्या सगळ्यात जिव्हाळ्याच्या वस्तू चाकावरच्या नव्हत्या. लहान मूल गेलं की त्याला घराच्या जमिनीखालीच पुरत. दोन कुंभ आडवे, तोंडाला तोंड लावून ठेवत आणि आत ते मूल. हे कुंभ जाडसर, हातांनी घडवलेले असत. एका मोठ्या, पाच खोल्यांच्या घराच्या आवारात तर चार पायांचा कच्च्या मातीचा रांजण निघाला. त्यात एका प्रौढ पुरुषाचा सांगाडा बसत्या स्थितीत होता. आणखी एका घराच्या जमिनीखाली झाकण असलेली अंडाकार मातीची डबी मिळाली. तिच्यासोबत स्त्रीमूर्ती होत्या, त्यांतली एक बिनडोक्याची, आणि जोडीला एक बैल. बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीलाही भोक. काडी खोवली की देवी बैलावर बसे. हे सगळं न भाजलेल्या मातीचं.

उत्तम भट्टी गावात असताना देवी कच्चीच का ठेवली असेल? याचं उत्तर देणारा लेख इनामगावच्या माणसांनी मागं ठेवलेला नाही. एवढं मात्र त्या बैलाकडे पाहिलं की कळतं: तो कुण्या निष्णात शिल्पकाराचा नाही. चिमटीनं ओढून काढलेलं वशिंड, दाबून केलेले पाय. ज्याला बैल ठाऊक आहे आणि ज्याच्या हाताला ओली माती लागली आहे, अशा कुणालाही तो जमला असता. चाक फिरवणारा एखाद-दुसरा असेल, मातीला हात लावणारं सगळं गाव होतं.

मानवाच्या इतिहासातही क्रम हाच आहे. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या दोल्नी व्येस्तोनित्से इथली भाजलेल्या मातीची स्त्रीमूर्ती पंचवीस हजार वर्षांहून जुनी आहे आणि तिच्या पाठीवर एका लहान मुलाच्या बोटाचा ठसा उमटलेला आहे. चीनमधल्या श्येनरेनदोंग गुहेतली खापरं सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीची. कुंभाराचं चाक या सगळ्यानंतर फार उशिरा आलं.

चाक आलं आणि त्याच्याभोवती व्यवसाय उभा राहिला, आपल्याकडे व्यवसायाभोवती जात. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला तेव्हा बारा बलुतेदारांची व्यवस्था डोळ्यांसमोर चालू होती. तिच्यात कुंभाराची गणना मधल्या ओळीत होई. वर्षभर गावाला मडकी, घागरी, रांजण, परळ, गाडगी, पणत्या पुरवायच्या आणि सुगीला खळ्यावर आपल्या वाट्याचं धान्य घ्यायचं. संक्रांतीला सुगडी, अक्षय्य तृतीयेला करा-केळी, लग्नात बोहल्याच्या कोपऱ्यांवर रचायच्या मडक्यांच्या उतरंडी आणि शेवटच्या प्रवासाला मुलाच्या खांद्यावरचं मडकं. जन्मापासून मरणापर्यंत त्याच्यावाचून गावाचं अडत असे.

कुंभाराच्या घरातही कामाची वाटणी ठरलेली. माती चाळणं, तुडवणं, लीद आणि राख मिसळणं, वाळवणं, गेरू देणं आणि बाजारात किंवा घरोघर माल पोचवणं यात कुंभारणीचा दिवस जाई. खेळणी, झाकण्या, चुली, शेगड्या अशा हातानं वळायच्या वस्तूही बऱ्याचदा तिच्याच. चाकावर मात्र पुरुष बसे. आणि चाकावरून उतरलेलं मडकं तरी कुठं पूर्ण असे? ते जाड आणि आखूड असायचं. थोडं आवळल्यावर आतून दगडी गोळा धरायचा, बाहेरून लाकडी थापटण्यानं ठोकायचं आणि ठोकता ठोकता त्याचं पोट फुगवायचं, भिंत पातळ करायची. माठाचा गोल घाट चाकावर नव्हे, या थापटण्याखाली येतो. म्हणजे कुंभाराच्या कामाचाही निम्मा भाग हाताचाच.

हे थापटणं मराठी मनात एका कथेमुळं कायमचं रुतलं आहे. तेरच्या गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईनं काकांना विचारलं की यातली पक्की मडकी कोणती आणि कच्ची कोणती ते सांगा. काकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे रागावले आणि कच्चे ठरले. मुक्ताबाईच्या भावाची समाधी ज्या आळंदीत आहे ती आळंदी आजही खेड तालुक्यातच मोडते, त्यामुळं ही कथा या भागात कीर्तनातून पिढ्यान्‌पिढ्या ऐकली गेली. कुंभाराच्या नजरेनं पाहिलं तर कच्चं म्हणजे अपुरं, आव्यात जायचं राहिलेलं. ते खरंच आहे, कारण पाणी भरायचं मडकं कच्चं असून चालत नाही.

घरच्या मातीचा हिशेब वेगळा होता. ती कच्चीच हवी असे.

श्रावणात नागपंचमीला मातीचा नाग. भाद्रपदात पार्थिव गणपती. हरतालिकेला वाळूची पिंड. नवरात्रात घटाभोवती शेतातली माती पसरून त्यात धान्य पेरायचं. आषाढातला बेंदूर असो की पुणे जिल्ह्याच्या बऱ्याच भागात पाळला जाणारा भाद्रपदी अमावास्येचा पोळा असो, ज्याच्या दावणीला बैल नाही तो मातीचा बैल करून त्याची पूजा करी. काळ्या मातीचा गोळा, चार पाय, ओढून काढलेलं वशिंड, शिंगांना काड्या, डोळ्यांना ज्वारीचे दाणे. पोरं अंगणात बसून जोडी करत, एखादा जास्तीचा पाडा करत, गव्हाणही करत. इनामगावच्या त्या बैलाची आणि या बैलांची थेट वंशावळ सांगता येणार नाही, मध्ये सुमारे तीन हजार वर्षांचं अंतर आहे. पण करण्याची रीत आणि न भाजलेली माती दोन्हीकडे एकच आहे.

आणि दिवाळीचा किल्ला! महाराष्ट्राबाहेरच्या माणसाला समजावून सांगावी लागते अशी ही चाल. दगडगोटे आणि विटांचे तुकडे रचायचे, त्यावर गोणपाट टाकायचं आणि चिखलानं तो सगळा डोंगर लिंपायचा. बुरूज हातांनी वळायचे, पायऱ्या बोटांनी कोरायच्या, मोहरी किंवा हळीव पेरून हिरवळ उगवायची. खेड तालुक्याच्या पोरांना नमुन्यासाठी दूर जायला नको. फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० मध्ये शाएस्तेखानाच्या फौजेशी सुमारे दोन महिने झुंजवलेला संग्रामदुर्ग चाकणला आहे, आणि तोही भुईकोट, म्हणजे अंगणात बांधायला सोयीचा. किल्ला बांधताना गल्लीतली पाच-सहा मुलं एकत्र येत, माती कुणी आणायची, पाणी कुणी घालायचं, महाराजांचं सिंहासन कुठं ठेवायचं यावर भांडत आणि पुन्हा एकत्र येत. मावळे मात्र कुंभाराकडचे, साच्यातले, रंगवलेले. हाताची माती आणि कुंभाराची माती एकाच अंगणात भेटण्याचा हा मोठा मजेचा प्रसंग होता. आजही आहे, फक्त डोंगर आता कित्येक ठिकाणी विकत मिळतो.

हे सगळं एका दिवसात ओसरलं नाही. बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढच्या काही दशकांत त्या चपट्या कौलांनी गावोगावच्या कुंभाराची नळीची कौलं मागं टाकली. ॲल्युमिनियमच्या पातेल्यांनी मडकी घालवली, नळाच्या पाण्यानं आणि प्लॅस्टिकनं घागरी. अनेक कुंभार कुटुंबं वीटभट्टीकडे वळली. गावाला त्यांची गरज उरली नाही, शहराला विटा हव्या होत्या.

त्या विटा लागल्या जवळच. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला, पुढच्या दशकात आकुर्डीला बजाज आली आणि टेल्कोही आली. पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका १९८२ मध्ये झाली. चाकणला बजाज ऑटोचा कारखाना १९९९ मध्ये आणि फोक्सवॅगनचा २००९ मध्ये सुरू झाला. पुणे-नाशिक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतांच्या जागी शेड आणि गोदामं आली, राजगुरुनगरमध्ये खोल्या भाड्यानं देणारे वाढले आणि बिहारपासून मराठवाड्यापर्यंतची माणसं तिथं राहायला आली. पाळीवर काम करणाऱ्या माणसाला शेजारी कोण राहतो हे ठाऊक नसणं ही या पट्ट्यातली रोजची गोष्ट झाली. नव्या इमारतीत अंगण नाही, अंगण नाही म्हणून चिखल नाही, चिखल नाही म्हणून किल्लाही नाही.

चुलीचा शेवट थोडा वेगळ्या वाटेनं झाला. केंद्र सरकारनं १९८३च्या सुमारास सुधारित चुलींचा कार्यक्रम हाती घेतला. धूर कमी व्हावा, लाकूड कमी लागावं, हा हेतू. महाराष्ट्रात पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेनं, म्हणजे ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटनं, त्यात मोलाचं काम केलं. साचे तयार झाले, ‘लक्ष्मी’, ‘भाग्यलक्ष्मी’ अशा नावांच्या चुली आल्या, त्या बनवण्याचं प्रशिक्षण ग्रामीण कारागिरांना मिळालं. बायकांच्या फुप्फुसांसाठी हे आवश्यकच होतं. जुन्या चुलीच्या धुरात कितीतरी जणींचे डोळे आणि छाती गेली, त्या चुलीसाठी हळहळणं चुकीचं ठरेल. पुढं २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि गॅस दुर्गम वाड्यांपर्यंत गेला. धुराबरोबर घरोघरच्या बाईच्या हातातलं एक कौशल्यही गेलं, आणि त्याची जागा दुसऱ्या कशानं भरली नाही. खरी हळहळ वाटायची तर ती याची वाटावी.

इकडे शहरात मातीकाम वेगळ्याच दारानं परत आलं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांनी १८७०च्या दशकात मृत्पात्रांची कार्यशाळा चालवली. तिथल्या झिलईदार भांड्यांवर अजिंठ्यातली चित्रं उतरत आणि ती परदेशी प्रदर्शनांत जात. ती कला दिवाणखान्याची होती. १९१९ मध्ये गुरचरण सिंग जपानला गेले, तिथं बर्नार्ड लीच, हमादा, यानागी यांच्या वर्तुळात वावरले आणि परतून त्यांनी दिल्लीत स्टुडिओ पॉटरीचा पाया घातला. एकट्या कलावंतानं स्वतःच्या हातानं माती, झिलई, भट्टी सगळं सांभाळायचं, हा विचार त्यातून भारतात रुजला. मराठी वाचकांनी ज्यांचं नाव लक्षात ठेवायला हवं त्या निर्मला पटवर्धन याच परंपरेतल्या. शांतिनिकेतन, जर्मनीतलं स्टुटगार्ट आणि इंग्लंडमधली लीच यांची सेंट आइव्ह्‌ज इथली भट्टी असा त्यांचा शिकण्याचा प्रवास. झिलईची सूत्रं त्यांनी वर्षानुवर्षं प्रयोग करून जमवली आणि कुंभारकाम शिकणाऱ्यांसाठी इंग्रजीत पुस्तक लिहून सगळ्यांना खुली केली. भारतातल्या दोन पिढ्यांच्या स्टुडिओंत ते पुस्तक मातीनं माखलेल्या हातांनी उलटलं गेलं आहे. बलुत्यातला कुंभार आपली रीत मुलालाच देई. पटवर्धनांनी ती अनोळखी माणसांना दिली.

मातीनं मन सावरतं हा विचारही असाच दोन वाटांनी आला. सोळाव्या शतकात जपानमधल्या क्योतोत चोजिरोनं चहापानाच्या विधीसाठी राकू वाडगे चाकाविना, तळहातात दाबत घडवले, आणि हाताचा तो ठसा हेच त्यांचं सौंदर्य मानलं गेलं. अमेरिकेत नर्तकाचा कुंभार झालेल्या पॉलस बेरेन्सन यांनी १९७२ मध्ये चिमटीनं घडवायच्या भांड्यांवर पुस्तक लिहिलं, आणि हे काम म्हणजे एकाग्रतेची साधना आहे ही जाणीव पश्चिमेकडे पसरली. आजच्या कार्यशाळांची भाषा बरीचशी तिथून आलेली आहे.

दुसरी वाट रुग्णालयातून जाते आणि तिच्यावर एक मराठी घराणं भेटतं. अमेरिकेत वाढलेल्या एलिझाबेथ लुंडी विष्णुपंत निंबकरांशी लग्न करून कमला निंबकर झाल्या. त्यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात भारतातलं पहिलं व्यवसायोपचाराचं विद्यालय सुरू केलं. त्या काळच्या या शास्त्रात विणकाम, सुतारकाम, मातीकाम ही उपचाराचीच साधनं मानली जात. पक्षाघातानं आखडलेली बोटं गोळा दाबताना सैल होतात, आणि बोटं चालू लागली की माणूस स्वतःकडे पुन्हा विश्वासानं पाहू लागतो. आरोग्यासाठी मातीकाम ही गोष्ट महाराष्ट्रात पंचाहत्तर वर्षांपूर्वी रुग्णालयाच्या दारातून आली आहे.

अलीकडच्या संशोधनानं तिला थोडं मोजमापही दिलं. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, रंगीत पेन, कागदाचे तुकडे असं साहित्य देऊन मनाला येईल ते करू दिलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, तपासलं. सुमारे तीन चतुर्थांश लोकांत ते उतरलेलं दिसलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कलेचा पूर्वानुभव असणं-नसणं यानं फरक पडला नाही. नवशिक्यांसाठी ही सगळ्यात आनंदाची ओळ. हाँगकाँगमध्ये तीव्र नैराश्याच्या १०६ रुग्णांवर मातीकामाच्या उपचाराची चाचणी झाली. आठवड्याला एक, अडीच तासांचं असं सहा सत्रांचं काम, आणि २०१७च्या अहवालात त्याचा लाभ नोंदवला गेला. हे अभ्यास लहान आहेत. त्यांच्या आधारे कुणी औषधं बंद करू नयेत. पण गल्लीतल्या पोरांना किल्ला बांधल्यावर रात्री गाढ झोप का लागायची, याचा थोडा उलगडा त्यांतून होतो.

मग अशा कार्यशाळेत होतं काय? पहिलं काम माती मळण्याचं. आत हवेचे बुडबुडे राहू नयेत म्हणून ती दाबत, दुमडत, पुन्हा दाबत राहायचं. यात दहा मिनिटं जातात आणि खांदे सैल होतात. मग तीन रीती. गोळ्यात अंगठा खुपसून, फिरवत फिरवत चिमटीनं भिंत वर आणायची, ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जुनी. दुसरी वळ्यांची: कडबोळ्याला वळतो तशी मातीची लांब वळी करायची, वर्तुळात एकावर एक बसवायची आणि सांधे बोटानं पुसून एकजीव करायचे. तिसरीत माती लाटून तिची पोळी करायची, कापायची आणि कडा जोडायच्या. जोडाच्या जागी आधी ओरखडे काढून पातळ चिखल लावावा लागतो, नाहीतर वाळताना तो सुटतो. महाराष्ट्रात भाकरी थापणाऱ्या, लाडू वळणाऱ्या हातांना यातलं काहीच परकं नाही, आणि पहिल्याच तासात ते दिसून येतं.

घाई करणाऱ्याला माती लगेच पकडते. ओली भिंत उंच नेली तर ती बसते. एका बाजूनं पंखा लागला तर वाकडी होते. आत ओल राहिली आणि भट्टीत घातली तर शंभर अंशांपुढे तिची वाफ होते आणि वस्तू फुटते. साधारण पाचशे-सहाशे अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांतलं बांधलेलं पाणीही निघून जातं, आणि तिथून पुढं ती पुन्हा कधी चिखल होत नाही. कुंभाराचा उघडा आवा सातशे ते नऊशे अंशांपर्यंत जातो, शहरी स्टुडिओतली झिलईची भट्टी बाराशेच्याही पुढं.

इथं नव्या कार्यशाळांनी जरा थांबून विचार करायला हवा. त्या प्रत्येक वस्तू भाजून घरी देतात, कारण पैसे भरलेल्या माणसाला काहीतरी हातात हवं असतं. पण घरच्या मातीची परंपरा सांगते की सगळंच राखून ठेवायचं नसतं. जे राहणार नाही ते करताना हात मोकळा होतो, बिघडण्याची भीती जाते. नवशिक्याला याचीच तर गरज असते. एखादं सत्र पूर्ण कच्च्या मातीचं ठेवावं. सगळ्यांनी मिळून एक बैलजोडी करावी, एक बुरूज उभारावा आणि शेवटी तो पुन्हा पाण्यात कालवून पुढच्या गटासाठी माती म्हणून ठेवावा. गणेशोत्सवाआधी शाळांत आणि सोसायट्यांत शाडूच्या मूर्तींच्या ज्या कार्यशाळा होतात त्यांना हे साधलेलं आहे. तिथं मूर्ती विसर्जित होणार हे पाच वर्षांच्या मुलालाही माहीत असतं आणि तरी ते सोंडेवर अर्धा तास घालवतं.

दुसरा प्रश्न शिकवणार कोण, हा. पुण्यात कसबा पेठेत कुंभारवाडा होता. आज मुंढव्याच्या केशवनगरात कुंभारांची मोठी वस्ती आहे आणि दिवाळीआधी तिथून लाखो पणत्या बाहेर पडतात. खादी आणि ग्रामोद्योग आयोगानं २०१८ मध्ये कुंभारांसाठी सशक्तीकरण योजना आणली, विजेवरची चाकं दिली. या चाकांवर बायकाही बसू लागल्या, ही समाधानाची गोष्ट. तरी हातानं वळण्याच्या कामातलं त्यांचं ज्ञान अजून कुणी शिकवण्याच्या कामी फारसं घेतलेलं नाही. राजगुरुनगर-चाकण पट्ट्यात नवशिक्यांसाठी मातीकामाचे वर्ग निघायचे असतील, तर शिकवणाऱ्याच्या जागी आधी कुंभारीण बसावी, तिच्या शेजारी स्वतःच्या हातानं चूल घातलेली एखादी सत्तरीची आजी, आणि दोघींना मानधन शहरातल्या प्रशिक्षकाइतकंच मिळावं. पिढ्यान्‌पिढ्या बलुत्याच्या धान्यावर चालवलेल्या कामाला आता पैशात मोल मिळत असेल, तर ते आधी त्यांच्या घरी जायला हवं.

मातीसाठी मात्र पॅकबंद पिशव्या मागवायची गरज नाही. दख्खनच्या काळ्या दगडाची झीज होऊन झालेली इथली माती चिकट आहे. नुसती काळी घेतली तर वाळताना फार आकसते आणि तडकते, म्हणून कुंभार तीत नदीचा बारीक गाळ, राख, लीद मिसळून तिला ताब्यात आणतो. पावसाळा सरला की ओढ्यांच्या वळणांवर नवा गाळ उघडा पडतो. तो भाद्रपदाच्या अखेरीस, पोळ्याच्या सुमारास गोळा करावा, पाण्यात कालवून फडक्यातून गाळावा आणि ओल्या गोणपाटाखाली मुरत ठेवावा. तीन-चार आठवडे मुरलेली माती ताज्या मातीपेक्षा कितीतरी जास्त वळते, आणि दिवाळीची सुट्टी लागायच्या वेळेला ती नेमकी हाताशी येते.